गाडी ऐकत नाही! रेसिंग गेममधल्या सेटअपवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी रात्री आमच्या ग्रुपची शर्यत संपली की सोमवारी सकाळी फोनवर तेच मेसेज येऊन पडलेले असतात. कधी सिडकोतून, कधी नाशिकरोडहून, एखादा सिन्नरहून. विचारणारे बदलतात, दुखणं तेच: गाडी ऐकत नाही, सेटअप (टायर, स्प्रिंग, ब्रेक वगैरेंच्या जुळवणीचे आकडे) कसा बदलू? म्हणून एकदाचं इथे लिहून ठेवलं. उदाहरणं बहुतेक 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' आणि 'ग्रॅन टुरिझ्मो ७' मधली आहेत, कारण आमच्याकडे हेच दोन जास्त खेळले जातात. 'फोर्झा'वाल्यांनी नाराज होऊ नये, रबर आणि वजनाचे नियम तिकडेही तेच आहेत. यापुढे पहिल्या गेमला मी नुसतं 'कॉम्पेटिझिओने' म्हणेन.

१. गाडी नीट चालत नाही. सेटअपच्या पानावर तीस-चाळीस आकडे दिसतात. सुरुवात कुठून करू?

ते पान बंद करण्यापासून. गेमने दिलेला तयार सेटअप घ्या, इंधन आणि हवामान ठरवून ठेवा आणि सलग दहा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारा. पहिले दोन मोजू नका, टायर थंड असतात. उरलेल्या आठांमध्ये गाडी कुठे बिघडली ते वहीत लिहा: कितवं वळण, आणि वळणाचा कोणता भाग.

मग वही बघा. प्रत्येक लॅपला वेगळ्याच ठिकाणी चूक होत असेल तर दोष हाताचा आहे, सेटअपने तो जाणार नाही. त्याच वळणावर, त्याच पद्धतीने, आठपैकी सहा-सात वेळा गाडी फसवत असेल तर मात्र गाडीला हात घालायला हरकत नाही. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त इथेच मिटतात, आणि विचारणाऱ्याला ते आवडत नाही.

हात घालताना एका वेळी एकच बदल. तोही पहिल्यांदा मोठा करा, म्हणजे गाडी कोणत्या दिशेला सरकते ते कळेल. नंतर निम्मा मागे घ्या. एकेक क्लिक (आकड्याची एक पायरी) करत गेलात तर फरक जाणवतच नाही, आणि कंटाळून माणूस एकदम पाच गोष्टी फिरवतो. त्यानंतर काय कशामुळे झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

२. सेटअपच्या आधी काही तपासायचं असतं का?

असतं, आणि हे मी स्वतःचे तीन आठवडे घालवून शिकलो. माझी गाडी कायम मागून सुटायची. मी मागचा बार मऊ केला, विंग (गाडीच्या मागचा पंख) वाढवली, डिफरन्शियल बदललं (बार आणि डिफरन्शियल म्हणजे काय ते पुढे येईल), ढिम्म फरक नाही. शेवटी भाच्याने टीव्हीचा 'गेम मोड' चालू केला आणि आजार पळाला. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवत होता. गाडी घसरलेली मला उशिरा दिसायची, मी उशिरा सावरायचो आणि गरजेपेक्षा जास्त सावरायचो.

तेव्हा आधी टीव्ही बघा. मग कंट्रोलरची काडी मधोमध सोडल्यावर गाडी एका बाजूला जाते का ते बघा. स्टेअरिंग व्हील असेल तर कॅलिब्रेशन आणि फोर्स फीडबॅकची (व्हीलमधली मोटर हाताला जो जोर देते त्याची) पातळी तपासा. फीडबॅक फार चढवून ठेवला की मोटर कायम शंभर टक्क्यांवर चालते, मग टायर पकड सोडतोय हे हाताला कळतच नाही. आणि एक हास्यास्पद पण खरं: मागच्या लॅपला भिंतीला घासलेली गाडी एका बाजूला ओढते. तो सेटअपचा दोष नाही, पिटमध्ये दुरुस्ती करा.

३. अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर यात माझा नेहमी घोळ होतो. सोप्या भाषेत सांगा ना.

पुढचे टायर आधी घसरले तर अंडरस्टिअर, मागचे आधी घसरले तर ओव्हरस्टिअर. कसारा घाटात पहिल्या पावसात स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळ कठड्याकडे निघते तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो अंडरस्टिअर. ओल्या मातीवर बाइकचं मागचं चाक बाजूला पळतं, तो ओव्हरस्टिअर.

टायरची पकड म्हणजे एकच खिसा आहे असं समजा. ब्रेकला जास्त दिलं की वळायला कमी उरतं, रेस द्यायलाही त्याच खिशातून जातं. कोणत्या टायरवर किती वजन आहे यावर त्या खिशात किती आहे ते ठरतं. सेटअपची सगळी कामं शेवटी या दोन वाक्यांत येतात.

एक फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवा. गाडी वळत नाही म्हणून आपण स्टेअरिंग आणखी पिळतो. वेग जरा उतरला की पुढचे टायर अचानक पकडतात, नाक झटकन आत येतं आणि मागचं फेकलं जातं. दिसतो ओव्हरस्टिअर, मूळ रोग अंडरस्टिअरचा. मागची बाजू घट्ट करत बसलात तर रोग वाढतो.

४. दादा, वळणावर गाडी सरळच जाते. पुढचा अँटी-रोल बार मऊ करू का?

करा, पण आधी सांगा, वळणाच्या कोणत्या भागात सरळ जाते?

शिरताना, म्हणजे ब्रेकवर पाय असताना: पुढचे टायर ब्रेक लावण्यातच संपलेले असतात. ब्रेक बायस अर्ध्या-एक टक्क्याने मागे न्या. बायस म्हणजे एकूण ब्रेकपैकी पुढच्या चाकांना किती टक्के. त्याआधी स्वतःला विचारा की मी उशिरा ब्रेक मारून पूर्ण दाबलेल्या पायाने वळवतोय का? वळवायला लागल्यावर ब्रेक हळूहळू सोडला तर हा त्रास सेटअपशिवायच बराच कमी होतो.

मधोमध, ना ब्रेक ना रेस: हे बारचं आणि स्प्रिंगचं राज्य. अँटी-रोल बार गाडीला बाजूला कलू देत नाही. ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाचा बाहेरचा टायर जास्त भार उचलतो आणि ते टोक आधी घसरतं. म्हणून पुढचा बार मऊ करा किंवा मागचा कडक करा. माझी पसंती पुढचा मऊ करण्याला. मागचा कडक केल्याने वळतं, पण मागचं टोक चिडचिडं होतं. कॅम्बर हीसुद्धा याच भागाची गोष्ट, ती सातव्या प्रश्नात.

बाहेर पडताना, रेस दिल्यावर: वजन मागे गेलं, नाक हलकं झालं, टायर पकडणार कशाला? मागच्या स्प्रिंग थोड्या कडक केल्या की गाडी मागे बसणं कमी होतं. डिफरन्शियल फार घट्ट असेल तर तेही गाडीला सरळ ढकलतं, त्यासाठी नववा प्रश्न. पण दहापैकी सात जण इथे स्टेअरिंग वळलेलं असतानाच पाय पूर्ण दाबतात. त्यावर क्लिक नाही.

आणि हे फक्त वेगवान वळणांवर होत असेल तर वरचं सगळं सोडून आठवा प्रश्न वाचा.

५. मागचं सुटतं, गाडी गोल फिरते. उलटं केलं की झालं ना?

बरंचसं, हो. शिरताना सुटत असेल तर ब्रेक बायस पुढे. मधोमध असेल तर मागचा बार मऊ. बाहेर पडताना असेल तर मागचा बार मऊ, मागचा टो-इन (सातवा प्रश्न) थोडा जास्त, आणि ट्रॅक्शन कंट्रोल (टीसी, म्हणजे रेस दिल्यावर चाकं गरगरू न देणारी सोय) एक आकडा वर. टीसी वाढवणं म्हणजे भ्याडपणा, असं आमच्यातले काही जण मानतात. त्यांचे निकाल मी बघतो.

ब्रेक सोडून, रेस न देता नुसतं तरंगत असताना गाडी अस्थिर वाटत असेल तर डिफरन्शियलचा प्रीलोड (ते मुळातच किती आवळलेलं आहे तो आकडा, नववा प्रश्न बघा) वाढवून बघा.

६. हवा किती ठेवायची? पंपावर आपण ३२-३३ भरतो, तेवढीच का?

नाही. कॉम्पेटिझिओनेमध्ये जीटी३ गाडीच्या (शर्यतीसाठी बनवलेल्या स्पोर्ट्स गाड्यांचा एक वर्ग) कोरड्या ट्रॅकवरच्या स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या, टायरमध्ये *गरम झाल्यावर* २६ ते २७ पीएसआय दिसायला हवं. ओल्या ट्रॅकच्या टायरमध्ये ३० च्या आसपास. सेटअपमध्ये आपण थंड टायरचा आकडा भरतो, आणि सगळी गंमत तिथेच होते. चार-पाच लॅपनंतर चारही टायर वाचा, जितकं कमी-जास्त असेल तितकं थंड आकड्यात बदला. चारही टायरना एकच आकडा भरू नका. उजवीकडे वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात.

काल जमलेला आकडा आज चुकतो, कारण गेममधलं हवामान बदलतं. हवा तापली की फुगते हे शाळेतलंच गणित आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की दाब सुमारे सव्वा पीएसआयने चढतो. एवढ्याने गाडीचा स्वभाव पालटतो. (एकाने विचारलं होतं, निफाडच्या थंडीत खेळताना हवा जास्त भरायची का? नाही बाबा, खोलीच्या थंडीचा गेममधल्या टायरशी संबंध नाही. तू फक्त स्वेटर घाल.)

ग्रॅन टुरिझ्मो ७ मध्ये हवेचा दाब बदलायची सोयच नाही. तिथे टायरचा प्रकार निवडा आणि पुढे चला.

७. कॅम्बर, टो, कॅस्टर... अलाइनमेंटवाला सांगतो तेच का हे?

तेच, पण आकडे ऐकून नाशिकमधल्या द्वारकेवरचा अलाइनमेंटवाला तुम्हाला हाकलून देईल. रस्त्यावरच्या गाडीचं कॅम्बर शून्याच्या आसपास असतं. जीटी३ गाडीत पुढे उणे ३ ते ४ अंश चालतं. चाकाचा वरचा भाग आत कललेला असतो, म्हणजे वळणात गाडी कलली की बाहेरचा टायर पूर्ण पसरून टेकतो. जास्त केलं तर सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेवरच धावतो, ब्रेक लांबतो आणि ती कड जळते. गेम टायरचं आत-मध्य-बाहेर तापमान दाखवत असेल तर आतलं थोडं जास्त असणं योग्य. फारच जास्त असेल तर कॅम्बर कमी करा. मधलं सगळ्यात गरम असेल तर कॅम्बरला दोष देऊ नका, हवा जास्त आहे.

टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर. पुढे किंचित टो-आउट दिला तर गाडी चटकन वळते, मागे टो-इन दिला तर शांत राहते. दोन्हीत चाकं थोडी फरफटतात, म्हणून सरळ रस्त्यावर वेग जातो आणि टायर तापतात. कॅस्टर वाढवलं की स्टेअरिंग जड होतं आणि वळवताना कॅम्बर वाढतं. ते मी क्वचित बदलतो.

८. हळू वळणांवर गाडी गुणी बाळ, वेगात मात्र जीव घेते. असं का?

कारण वेगात दुसराच माणूस गाडी चालवत असतो: हवा. विंग गाडीला खाली दाबते, आणि तो दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वर जेवढा दाब, १६० वर त्याच्या चौपट. त्यामुळे हळू वळणात विंगचा उपयोग नगण्य, तिथे स्प्रिंग आणि बार बोलतात. वेगवान वळणात उलट.

म्हणून निदान सोपं आहे. दोष फक्त वेगात दिसत असेल तर विंग किंवा गाडीची उंची बदला. दोन्हीकडे दिसत असेल तर बार आणि स्प्रिंग. फक्त हळू वळणात असेल तर विंगला शिवूही नका. वेगात मागचं सुटतंय? मागची विंग वाढवा किंवा मागची उंची कमी करा. मागून उंच, पुढून खाली अशी गाडी ठेवली की दाब पुढे सरकतो आणि नाक जास्त चावतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरनेही फरक कळतो.

किती विंग ठेवायची हे ट्रॅक ठरवतो. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या ५.७९३ किलोमीटरमध्ये सरळ पट्ट्यांचीच सत्ता आहे, तिथे विंग कमी. बेल्जियममधला स्पा ७.००४ किलोमीटरचा आणि मोठा दुटप्पी: ओ रूज हे चढाचं वळण चढून गेल्यावर लांबच लांब सरळ पट्टा, आणि मग डोंगरातून उतरणारी वेगवान वळणं. पहिल्या भागाला कमी विंग हवी, दुसऱ्याला जास्त. मी स्पाला थोडी जास्तच ठेवतो. सरळ पट्ट्यावर दोन जण पुढे गेले तरी चालतील, गाडी वाळूत गेलेली चालत नाही.

९. डिफरन्शियलचं काही कळत नाही. न कळता चालेल का?

सुरुवातीला चालेल. वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळं फिरू देतं, आणि 'लॉक' म्हणजे ती मोकळीक किती आवळायची. रेस देतानाचा लॉक कमी असेल तर आतलं हलकं चाक नुसतं गरगरतं आणि ताकद वाया जाते. फार जास्त असेल तर दोन्ही मागची चाकं एकदमच सुटतात, सावरायला वेळ मिळत नाही. ब्रेक किंवा रेस सोडल्यावरचा लॉक जास्त असेल तर गाडी शिरताना स्थिर पण आळशी. ग्रॅन टुरिझ्मोमध्ये हे दोन वेगळे आकडे मिळतात. कॉम्पेटिझिओनेमध्ये फक्त प्रीलोड.

१०. कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक गेलं की गाडी उडते. शॉकअप मऊ करू?

हो, पण 'फास्ट बंप' मऊ करा, 'स्लो' नव्हे. बंप म्हणजे शॉकअप आत दबणं. इथे फास्ट-स्लो म्हणजे गाडीचा वेग नाही, शॉकअपचा दांडा किती वेगाने आत-बाहेर होतो तो वेग. कर्बचा धक्का म्हणजे फास्ट. ब्रेक मारल्यावर नाक वाकणं किंवा वळताना कलणं म्हणजे स्लो.

तरीही उडत असेल तर गाडी फार खाली आहे का बघा. स्प्रिंगची हालचाल संपली की गाडी बंप स्टॉपच्या रबरावर बसते आणि ते टोक एकाएकी दगडासारखं कडक होतं. ब्रेक लावल्यावर मधेच अचानक अंडरस्टिअर येतो, त्याचं कारणही बरेचदा हेच असतं. पुढची उंची किंवा बंप स्टॉपची जागा थोडी वाढवा.

११. जगातल्या वेगवान ड्रायव्हरचा सेटअप उतरवून घेतला, पण मी आणखी हळू झालो. फसवलं का?

नाही. त्याची गाडी मागून सैल असते, कारण तो ब्रेकवर पाय ठेवूनच तिला फिरवतो. तुमचा पाय तसा चालत नसेल तर ती गाडी तुम्हाला तिसऱ्या वळणावर उलटी उभी करेल. शिवाय तो सेटअप कोणत्या तापमानाला, किती लिटर इंधनावर केला होता? पात्रता फेरीचा असेल तर टाकी जवळजवळ रिकामी असणार. तसा सेटअप घ्यायचाच असेल तर हवा आपल्या तापमानाला जुळवा, मागची विंग एक-दोन क्लिक वाढवा आणि पहिल्या प्रश्नातले दहा लॅप मारा.

१२. एका गेममधले स्प्रिंगचे आकडे दुसऱ्यात भरले तर चालतील?

नाही, एककंच वेगळी आहेत. ग्रॅन टुरिझ्मो ७ मध्ये स्प्रिंगचा कडकपणा हर्ट्झमध्ये, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डुलेल त्यावर मोजतात. त्यात गाडीचं वजनही धरलेलं असतं. जड गाडी आणि हलकी गाडी दोन्हींना २.५ हर्ट्झ दिले तर प्रत्यक्षात जड गाडीची स्प्रिंग कितीतरी कडक असते. आकडे नाही, दिशा उचला: पुढे कडक की मागे.

१३. हे सगळं सगळ्याच गाड्यांना लागू आहे का?

दोन हट्टी अपवाद आहेत.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर ओढतातही आणि वळवतातही, एकाच खिशातून दोन संसार. तिथे मागचं टोक मुद्दाम कडक करतात: मागचा बार कडक, मागच्या स्प्रिंग कडक. वळणात शिरताना रेस सोडली की मागचं थोडं फिरतं आणि नाक आत येतं. घाबरून ब्रेक मारू नका, हलकी रेस द्या, गाडी सरळ होते.

दुसरी पोर्शे ९११. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, नाक हलकं. शिरताना वळत नाही म्हणून लोक पुढचं मऊ करत सुटतात. मग एकदा मागचं वजन फिरायला लागलं की घड्याळाच्या लंबकासारखं थांबत नाही. या गाडीत ब्रेकचा हलका स्पर्श वळणाच्या आतल्या टोकापर्यंत ठेवून नाकावर वजन ठेवायचं असतं. हे सेटअपने नाही, पायाने करायचं काम.

१४. सराव मस्त, शर्यतीत सुरुवातीची वीस मिनिटं गाडी म्हैस. का?

इंधन. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं. ६० लिटर म्हणजे ४५ किलोच्या आसपास, इयत्ता नववीचा एक मुलगा गाडीत बसवल्यासारखं. गाडी खाली बसते, ब्रेक लांबतो, टायर जास्त तापतात. शर्यतीचा सेटअप भरलेल्या टाकीवरच करा.

१५. पाऊस आला की?

पकड कमी म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे येणारं वजनही कमी, म्हणून बायस थोडा मागे. बार आणि स्प्रिंग मऊ, विंग जास्त, टीसी वर. हवेसाठी सहावा प्रश्न. आणि कोरड्यातली लाइन (गाड्या नेहमी जातात ती वाट) सोडा, तिथे साचलेल्या रबरावर पाणी पडलं की निसरडं होतं. श्रावणात त्र्यंबक रस्त्यावर बाइक चालवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

१६. माझ्याकडे स्टेअरिंग नाही, कंट्रोलर आहे. वेगळा सेटअप लागतो का?

थोडा शांत सेटअप लागतो. अंगठ्याला टायरचं काही जाणवत नाही, त्यामुळे चटकन वळणारी गाडी हाताबाहेर जाते. पुढे टो-आउट टाळा, मागे टो-इन आणि विंग जरा जास्त ठेवा. रेस हळूहळू दाबायची सवय लागेपर्यंत टीसी वर. आमच्या ग्रुपमधला सलग सातत्याने पुढे येणारा मुलगा कंट्रोलरवरच खेळतो, त्यामुळे हे कारण म्हणून सांगू नका.

१७. मी सातपूरला गाड्यांच्याच कारखान्यात आहे. खऱ्या गाडीचं ज्ञान इथे चालेल?

तत्त्वं सगळी चालतील, सवय आड येईल. रस्त्यावरची गाडी मुद्दाम अंडरस्टिअर देणारी बनवतात, कारण घाबरलेला माणूस पाय काढतो आणि तेव्हा गाडी स्वतःहून सरळ राहायला हवी. त्यामुळे कारखान्यातली माणसं रेसची गाडी पहिल्यांदा फार 'सुरक्षित' करून ठेवतात, आणि मग ती वळत नाही म्हणून चौथा प्रश्न विचारतात.

१८. बदल करता करता हरवलो. परत कसा येऊ?

प्रत्येक बदलाला नवीन नावाने सेव्ह करा. नावातच ट्रॅक, तापमान आणि बदल घाला: 'स्पा २४ अंश मागचा बार ४'. 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' अशी नावं ठेवणाऱ्यांच्या फाइली मी उघडत नाही. आत्ताच हरवला असाल तर गेमचा मूळ सेटअप घ्या, फक्त हवा आणि ब्रेक बायस जुळवा आणि त्याच्यावर दहा लॅप मारा. परवा एकाने तेच केलं. तो आधीपेक्षा चार दशांश सेकंदांनी वेगवान निघाला आणि मला दोन दिवस बोलला नाही.